दुखण्याची गोळी आणि कुत्रा : वर्धा जिल्ह्यातील औषधविक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व औषधविक्रेते,
वर्धा जिल्हा.

विषय : कुत्र्यांसाठी माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांची विक्री



माणसांसाठी तयार झालेल्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना चालत नाहीत. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड ही घरच्या घरी कधीच देऊ नयेत अशी औषधे. पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन यांना पशुवैद्यकात जागा आहे, पण ती अरुंद आहे. जनावराचे वजन, वय, यकृत, मूत्रपिंड पाहिल्यावाचून ती ठरत नाही. एवढे सगळे औषध दुकानाच्या काउंटरवर पाहता येत नाही. तरीही कुत्र्याच्या दुखण्यावरचा पहिला सल्ला गावागावांत बहुधा तिथेच मिळतो, म्हणून हे पत्र पशुवैद्यांच्या नावे न लिहिता औषधविक्रेत्यांच्या नावे लिहिले आहे.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण ती माणसांसाठी. जनावरांचे महाविद्यालय नागपूरला, वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर. तालुक्याच्या गावी शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण तिथल्या डॉक्टरांचा दिवस गायी, बैल, शेळ्या, लसीकरण आणि कृत्रिम रेतन यांत जातो. आर्वी-कारंजा पट्टा हा गौळाऊ गोवंशाचा. तिथे बैल आजारी पडला तर चार माणसे धावतात. जागलीवर रात्रभर रानडुकरांमागे पळणारे कुत्रे सकाळी तीन पायांवर घरी आले, तर त्याच्यासाठी कोणी सुट्टी काढत नाही. संध्याकाळी बाजारातून येताना मेडिकलमध्ये चौकशी होते, "कुत्र्यासाठी एखादी दुखण्याची गोळी द्या." दोन गोळ्या पत्त्यातून कापून कागदाच्या पुडीत मिळतात आणि रात्री गुळात किंवा पोळीच्या तुकड्यात दाबून चारल्या जातात. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो.

नुकसान कसे होते ते पाहायचे तर सुरुवात पोटापासून करावी लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या कुळातली सर्व औषधे शरीरातल्या सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या विकराला अडवतात. हा विकर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतो. दुखावलेल्या जागी सूज, आग आणि वेदना निर्माण करण्यात या द्रव्यांचा हात असतो, त्यामुळे ती कमी झाली की आराम पडतो. पण हीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर टिकवतात आणि अंगातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. गोळी दुखऱ्या पायाला वेगळे आणि जठराला वेगळे ओळखत नाही. कुत्र्याच्या जठराचे अस्तर या बाबतीत माणसापेक्षा हळवे आहे. आधी ओकाऱ्या होतात, जेवण सुटते. मग जठरात किंवा त्याला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागात व्रण पडतो. व्रणातून रक्त झिरपू लागले की शी डांबरासारखी काळी आणि चिकट होते, हिरड्या पांढुरक्या पडतात. व्रण आरपार गेला तर जठरातले पदार्थ पोटाच्या पोकळीत उतरतात. त्यानंतर शस्त्रक्रियेशिवाय उपाय राहत नाही, आणि कुत्र्याच्या पोटाची तातडीची शस्त्रक्रिया होईल अशी ठिकाणे विदर्भात फार नाहीत.

मूत्रपिंडाचा धोका वर्धा जिल्ह्यात विशेष आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करते आणि त्यात पाणी गमावते. बांधावर बांधलेल्या, दुपारी पालथ्या पडलेल्या टोपल्यात पाणी नसलेल्या कुत्र्याची मूत्रपिंडे त्या वेळी बऱ्याच अंशी प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर काम करत असतात. हगवण-ओकारीने सुकलेल्या पिल्लाचेही तसेच. नेमक्या त्याच वेळी दुखण्याची गोळी दिली, तर थंडीच्या दिवसांत कदाचित निभावली असती ती मात्राही मूत्रपिंड बंद पाडू शकते.

दुसरा फरक वेळेचा. एखादे औषध रक्तात किती काळ टिकते, हे प्रत्येक प्राण्यात वेगळे असते. नॅप्रोक्सेनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. माणसाच्या रक्तातले नॅप्रोक्सेन निम्मे व्हायला साधारण १२ ते १७ तास लागतात, म्हणून त्याची गोळी दिवसातून दोनदा घेतात. कुत्र्यात तेच व्हायला सुमारे ७४ तास लागतात. म्हणजे सोमवारी दिलेली गोळी गुरुवारी अर्धी शिल्लक असते. मालकाने माणसाच्या सवयीने सकाळ-संध्याकाळ गोळी चालू ठेवली, तर प्रत्येक नवी गोळी आधीच्या साठ्यावर चढत जाते. यकृतातून पित्तावाटे आतड्यात आलेले औषध पुन्हा शोषले जाते, हे ते कुत्र्यात इतका काळ टिकण्यामागचे कारण. अर्धशिशीसाठी विकल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांत नॅप्रोक्सेन असते, आणि पत्त्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावावरून ते कळत नाही.

तिसरा फरक वजनाचा. तो सगळ्यांना माहीत असतो, पण हिशेब मात्र कोणी करत नाही. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ६० किलोच्या माणसाला एका गोळीतून किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम आयबुप्रोफेन मिळते. शेतावरचे गावठी कुत्रे साधारण १५ किलोचे धरले, तर तीच गोळी त्याला किलोमागे जवळजवळ २७ मिलिग्रॅम पोचवते. कुत्र्यात ओकाऱ्या आणि जठराच्या इजेची सुरुवात साधारण २५ मिलिग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे पहिल्याच गोळीला रेषा ओलांडली जाते. वर्धा-हिंगणघाटच्या घरांत पॉमेरेनियन म्हणून सांभाळली जाणारी पांढरी कुत्री (त्यातली बरीचशी खरे तर स्पिट्झ असतात) चार-पाच किलोंची असतात. चार किलोच्या कुत्र्याला एक कॉम्बिफ्लॅम म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम. १७५ च्या पुढे मूत्रपिंड निकामी होऊ लागते, ४०० च्या पुढे झटके आणि बेशुद्धी येते, आणि ६०० च्या आसपास मृत्यू संभवतो. हे आकडे एकाच वेळी पोटात गेलेल्या मात्रेचे आहेत. रोज दिले तर याहून पुष्कळ कमी मात्राही पुरते. किलोमागे अवघे ८ मिलिग्रॅम आयबुप्रोफेन महिनाभर रोज दिलेल्या कुत्र्यांतही जठराचे व्रण आढळले आहेत. "अर्धीच दिली होती" या वाक्याला म्हणून फारसा अर्थ नाही.

पॅरासिटामॉलबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते ते लहान मुलांनाही देतात, मग कुत्र्याला काय होणार. दुसरे म्हणते ते कुत्र्याला विषच. दोन्ही चूक आहेत. कुत्र्याचे यकृत पॅरासिटामॉलचा बराचसा भाग निरुपद्रवी करून बाहेर टाकू शकते. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल आणि कोडीन यांची खास कुत्र्यांसाठी मान्यता असलेली गोळीही आहे. आपल्याकडचे पशुवैद्यही निवडक रुग्णांत ते साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या मात्रेत वापरतात. पण ६५० मिलिग्रॅमची डोलोची गोळी १५ किलोच्या कुत्र्यात किलोमागे ४३ मिलिग्रॅम होते आणि चार किलोच्या कुत्र्यात १६२. किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेले की यकृताची निचरा करण्याची वाट अपुरी पडते, औषधाचा विषारी अवशेष तयार होतो आणि यकृतातला ग्लुटाथायोनचा साठा संपल्यावर तो यकृतपेशींनाच चिकटून त्यांना मारतो. आणखी वाढले तर रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्याचे काम सोडते. अशा कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी न राहता मातकट, चॉकलेटी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जोरात चालतो. दोन दिवसांनी डोळे पिवळे होतात.

मांजरांबाबत मात्र मधला मार्ग नाही. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करणारी यंत्रणा मांजरात जवळजवळ नसते. किलोमागे १० मिलिग्रॅमपासूनही विषबाधा झालेली आहे. तीन किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर तुकडाही जीवघेणा ठरू शकतो. घरात कुत्रे आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्यासाठी नेलेली गोळी मांजरालाही दिली जाते, म्हणून ही गोष्ट इथे सांगावी लागते.

ॲस्पिरिन ही जुनी सवय आहे. जुन्या पिढीतले अनेक जण डिस्प्रिन पाण्यात विरघळवून कुत्र्याला पाजत. ते काही काळ पशुवैद्यकातही चालत होते. पण साध्या मात्रेतही ॲस्पिरिनने कुत्र्याच्या जठराला ओरखडे पडतात, हे दुर्बिणीने तपासल्यावर दिसून आले. आता त्याहून बरी औषधे उपलब्ध असताना दुखण्यावर ते देण्याचे कारण उरलेले नाही. वर्धा जिल्ह्यात त्याला आणखी एक जोखीम चिकटलेली आहे, ती गोचिडांची. गोचीड तापाने आजारी कुत्रे सुस्त होते, जेवत नाही, कधी लंगडते, सांधे धरते, आणि मालकाला वाटते अंग दुखत असेल. या आजारात रक्त गोठवणारे बिंबाणू घटतात. ॲस्पिरिन उरलेल्या बिंबाणूंनाही काम करू देत नाही. अशा कुत्र्याच्या नाकातून रक्त वाहू लागले, तर ते थांबवणे अवघड जाते. या आजारावर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक आणि गोचिडांचा बंदोबस्त लागतो. वेदनाशामकाचा त्यात मुख्य भाग नसतो.

निमेसुलाइड, असिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन या चार औषधांची गोष्ट वेगळी आहे, कारण ती जनावरांना देण्यासाठी विकायला भारतात कायद्यानेच मनाई आहे. डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये पावले उचलली गेली, कीटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर २०२५ मध्ये. बंदीचे कारण कुत्री नव्हती, गिधाडे होती. डायक्लोफेनॅक दिलेली गाय-म्हैस मेली आणि गिधाडांनी ती खाल्ली, तर त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात. १९९० च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली, आणि त्याचे कारण डायक्लोफेनॅक असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. बंदीनंतरही माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक इंजेक्शनही एका मात्रेच्या ३ मिलिलिटरच्या कुपीपुरते मर्यादित करावे लागले. माणसाचे औषध जनावराला देण्याची वाट औषध दुकानातूनच जाते, हे सरकारने मान्य केल्याचाच तो पुरावा म्हणावा लागेल.

या गोष्टीचे दुसरे टोक पुन्हा कुत्र्यांकडे येते. गिधाडे गेल्यावर गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर कुत्री पोसली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशातली कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला वाढवलेली गिधाडे विदर्भात ताडोबा आणि पेंच इथे आणण्यात आली. वर्धा जिल्हा या दोन जंगलांच्या मधल्या आकाशाखालीच येतो. बांधावर मेलेल्या कुत्र्याच्या अंगात काय आहे, हे गिधाडाला विचारून घेता येत नाही.

मेलोक्सिकॅमचे उलट आहे. गिधाडांना ते सुरक्षित आहे आणि कुत्र्यांनाही ते पशुवैद्य सर्रास देतात. अडचण गोळीच्या आकाराची. माणसांच्या गोळ्या ७.५ आणि १५ मिलिग्रॅमच्या. कुत्र्याची मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम. १५ किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून रोज दीड मिलिग्रॅम पुरते. १५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या दहापट. कुत्र्यांसाठीच्या सिरपासोबत वजनाच्या खुणा असलेली पिचकारी येते ती यासाठीच. औषध योग्य, दुकान योग्य, ग्राहक प्रामाणिक, आणि तरीही दहापट मात्रा : मेलोक्सिकॅममुळे होणाऱ्या बहुतेक विषबाधांचे वर्णन एवढेच आहे.

त्यावर कळस म्हणजे दोन औषधे एकत्र. बेटामेथासोन, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने कुत्रे दुसऱ्या दिवशी टुणटुणीत दिसते, म्हणून त्यांचा गावात मोठा लौकिक आहे. पण स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकाच वेळी पोटात असले तर जठरात भोक पडण्याचा धोका कित्येक पटीने वाढतो. मेडिकलवाल्याने एक दिले, मग दवाखान्यात दुसरे मिळाले, आणि आधीचे कोणी सांगितलेच नाही, असे घडते. एकातून दुसऱ्यावर जाताना पशुवैद्य साधारण पाच ते सात दिवसांचे अंतर ठेवतात. कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या दोन गोळ्यांमुळे तेवढे अंतर ठेवायचे की नाही, हेच डॉक्टरला कळत नाही.

दुखण्याच्या गोळीशिवाय विषबाधा होण्याचे मार्गही आहेत. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे मलम चोळलेल्या माणसाचा पाय कुत्रे चाटते, किंवा मालक स्वतःच लंगडणाऱ्या पायावर ते चोळतो आणि कुत्रे पाच मिनिटांत चाटून साफ करते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फ्लुर्बिप्रोफेन असलेले मलम वापरणाऱ्या घरांत मांजरे मेल्याचे जाहीर करून सावध केले होते. लहान मुलांच्या काही साखरविरहित सिरपांत झायलिटॉल असते. कुत्र्यात त्याने रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर फेनिलेफ्रिन असते, डोकेदुखीच्या काहींत कॅफीन. दोन्ही कुत्र्याच्या हृदयावर ताण आणतात.

बऱ्याचदा तर दुखण्याच्या गोळीची गरजच नसते. कुत्र्याच्या अंगाला हात लावून ताप ठरवला जातो, पण कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हिशेबाने ते तापलेलेच असते. थर्मामीटर १०२ दाखवतो म्हणून दिलेली पॅरासिटामॉल निरोगी कुत्र्याला दिलेली असते. लंगडण्याचे तेच. पऱ्हाटीच्या शेतातून, बांधावरच्या बाभळीखालून फिरणाऱ्या कुत्र्याच्या पंजात काटा रुतणे नित्याचे. पंजाच्या बोटांमधली फट उघडून उजेडात पाहिले, नख मुळाशी तुटले आहे का ते पाहिले, गोचीड बोटांच्या बेचक्यात बसला आहे का ते पाहिले, तर पुष्कळ लंगडी कुत्री चिमट्याने बरी होतात. हाड मोडले असेल तर वेदनाशामकाने आणखी एक नुकसान होते : दुखणे थांबले म्हणून कुत्रे पळू लागते आणि मोडलेली टोके सरकतात.

एक गोष्ट मात्र गोळीपेक्षा महत्त्वाची. कुत्रे अचानक जेवेनासे झाले, लाळ गाळू लागले, गिळता येत नाही असे दिसले, आवाज बसला, स्वभाव बदलला, तर घशात हाड अडकले असेल किंवा दात दुखत असेल असे समजून त्याच्या तोंडात हात घालून गोळी भरवू नये. रेबीजची सुरुवात अशीच दिसते. लाळ जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लागली असेल तर ती जागा १५ मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. दुकानात "तोंडातून लाळ गळते, काही तरी द्या" असे कोणी म्हटले, तर गोळीऐवजी हेच सांगायचे.

गोळी दिली गेलीच असेल तर पहिले दोन तास मोलाचे. त्या वेळात पशुवैद्य इंजेक्शनने ओकारी करवून औषध बाहेर काढू शकतो आणि सक्रिय कोळसा देऊ शकतो. घरी मीठपाणी पाजून ओकारी काढायचा उद्योग मात्र करू नये. मिठाने कुत्र्याच्या मेंदूला इजा होऊ शकते आणि एका विषाच्या जागी दोन होतात. दूध, तूप, लिंबूपाणी यांनी औषध उतरत नाही. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा खरा उतारा आहे. तो माणसांच्या मोठ्या रुग्णालयांच्या औषध दुकानांत मिळतो, आणि पशुवैद्याची चिठ्ठी असेल तर तो शोधून देणे ही औषधविक्रेता करू शकेल अशी मोठी मदत आहे. कुत्र्यासोबत गोळीचे पाकीट, किती गोळ्या गेल्या, केव्हा गेल्या आणि कुत्र्याचे अंदाजे वजन, एवढे डॉक्टरकडे पोचले पाहिजे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक राज्यभर चालतो.

चिठ्ठीशिवायच्या विक्रीबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. औषध नियम, १९४५ नुसार शेड्यूल एच मधली औषधे नोंदणीकृत व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. जनावरासाठी चिठ्ठी लिहिणारा हा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ खाली नोंदलेला पशुवैद्य असतो. जनावरासाठीच्या चिठ्ठीवर मालकाचे नाव आणि पत्ता असावा लागतो. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड आणि मेलोक्सिकॅम ही सगळी शेड्यूल एच मधली आहेत. पशुवैद्याने माणसांच्या दुकानातले गाबापेंटिन किंवा पँटोप्राझोल कुत्र्यासाठी लिहून दिले, तर ते देण्यात काही गैर नाही. माणसाचे औषध कुत्र्याला चालते की नाही, हा प्रश्न तेव्हा सुटलेला असतो, कारण तो सोडवण्याचा अधिकार ज्याला आहे त्याने सही केलेली असते.

व्यवहारात एवढेच करता येईल. चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी मागणाऱ्याला "कोणासाठी?" असे विचारावे. उत्तर कुत्रा असे आले तर गोळी न देता जवळच्या दवाखान्याचे नाव आणि १९६२ क्रमांक लिहून द्यावा. काउंटरवर तो ठळक लावला तर विचारावेही लागणार नाही. चिठ्ठी असेल तर पुडीवर औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्यावेत. ग्राहक रागावेल, शेजारच्या दुकानात जाईल, हे खरे. म्हणून तालुक्याच्या संघटनेने ही गोष्ट सर्व दुकानांसाठी एकदम ठरवावी. कुत्र्यासाठी सुटी दुखण्याची गोळी कोणीही देऊ नये, आणि मांजरासाठी पॅरासिटामॉल कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, ही विनंती.